शाळेचे दार आणि पुस्तकांचे कपाट : महाराष्ट्रातील वंचित समाजांच्या शालेय वाचनाधिकाराचा इतिहास

प्रस्तावना

१८४८ या एकाच वर्षी पुणे शहरात दोन घटना घडल्या. जोतीराव फुले यांनी भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि त्याच वर्षी 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' स्थापन झाली. ही दुसरी संस्था पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या घटनेवर विपुल लेखन झाले आहे. दुसरीची नोंद ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत येते. या दोन्ही घटनांचा एकत्र विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक शाळेच्या दारापाशी थांबतात, तर ग्रंथालयाचा इतिहास लिहिणारे वर्गणीदारांच्या यादीपासून सुरुवात करतात. शाळेत प्रवेश मिळालेल्या, परंतु वर्गणीदार होण्याची ऐपत वा सामाजिक मुभा नसलेल्या मुलाच्या हाती क्रमिक पुस्तकापलीकडचे पुस्तक कसे पडले, हा प्रश्न या दोहोंच्या मधोमध निसटून जातो.

'विविधता' आणि 'समावेशन' हे शब्द शालेय ग्रंथालयांच्या संदर्भात अलीकडे रूढ झाले असले, तरी त्यांमागील प्रश्न जुना आहे. त्याला दोन अंगे आहेत. कपाटातील पुस्तकापर्यंत कोणाला जाता येते, हे पहिले. आणि कपाटात कोणाचे जग पुस्तकरूपाने ठेवलेले असते, हे दुसरे. मुंबई इलाखा, बडोदे व कोल्हापूर ही संस्थाने आणि स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र यांचा या दृष्टीने मागोवा घेतला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शाळेच्या दारासाठी संघर्ष झाला, त्याचे ठराव झाले, कायदे झाले; परंतु या दस्तऐवजांत कपाटाचा उल्लेख दीर्घकाळ आलाच नाही. ज्यांना त्याची गरज होती त्यांनी आपली कपाटे स्वतःच उभी केली. प्रस्तुत लेखात या वगळणुकीचा आणि तिला दिल्या गेलेल्या प्रत्युत्तराचा विचार केला आहे.

मंजूर आणि नामंजूर पुस्तके

शालेय ग्रंथालयाचा आरंभ कपाटापासून होत नाही. कोणते पुस्तक निर्माण व्हावे आणि कोणते होऊ नये या निर्णयापासून होतो. पेशवाईत ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा, अशी मागणी पुण्यातील सुधारणावादी तरुणांनी १८४९ च्या सुमारास केली. तिला फुले यांचा सक्रिय पाठिंबा होता. या मागणीतून मराठी पुस्तकांना पारितोषिके देणारी 'दक्षिणा प्राइझ कमिटी' कार्यरत झाली. मराठी गद्याच्या जडणघडणीत या कमिटीचे योगदान निर्विवाद आहे. तथापि १८५५ मध्ये फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून कमिटीकडे पाठविले, तेव्हा ते स्वीकारले गेले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये नमूद केले आहे.

या नाटकाचा विषय लक्षात घेतला म्हणजे नकाराचे मर्म कळते. अशिक्षित कुणबी जोडप्याला एक जोशी ग्रहदशेची भीती घालून लुबाडतो, आणि अखेरीस ते जोडपे फुल्यांच्या रात्रशाळेत शिकावयास जाण्याचे ठरविते. शिक्षणाचा अभाव हाच शोषणाचा पाया होय, असे सांगणारी ही संहिता शाळेच्या कपाटात असणे सर्वथा उचित ठरले असते. प्रत्यक्षात ती छापील स्वरूपात वाचकांपुढे येण्यास जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली. ज्या निधीचा ओघ वळविण्यासाठी फुल्यांनी साहाय्य केले, त्याच निधीतून त्यांच्या पुस्तकाला वाट मिळाली नाही. मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातील या विसंगतीकडे अभ्यासकांचे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी शालेय पुस्तकांना एक शुद्ध, प्रमाण वळण लावण्यात आले. खात्याच्या मंजुरीची पद्धतही पुढे रुळली. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर वा आतील पानावर 'शालेय ग्रंथालयांसाठी व बक्षिसांसाठी मंजूर' अशा आशयाची ओळ आढळते. प्रकाशकाच्या दृष्टीने ती विक्रीची हमी होती. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ती ओळ म्हणजे शालेय संग्रहाची सीमारेषा होय. या रेषेच्या आत नीतिकथा, चरित्रे, पुराणकथा, भाषांतरित विज्ञान आणि प्रवासवर्णने आली. शेतकऱ्याचे, बलुतेदाराचे, गावकुसाबाहेरच्या माणसाचे जीवन आले तरी ते उपदेशाचा विषय म्हणून आले. त्या जीवनातील माणूस बोलणारा म्हणून आला नाही.

असा बोलणारा आवाज त्या काळी अस्तित्वातच नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा 'मांग-महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. हा निबंध सामान्यतः दलित स्त्रीचे पहिले आत्मनिवेदन म्हणून उल्लेखिला जातो. वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे. वेद ही केवळ ब्राह्मणांची मालमत्ता असेल, तर आपल्यापाशी धर्माचा ग्रंथच नाही हे उघड ठरते, असा मुक्ताबाईंचा युक्तिवाद आहे. आपल्याला कोणता ग्रंथ नाकारला गेला आणि त्या नकाराचा अर्थ काय, याची तर्कशुद्ध मांडणी अवघ्या तीन वर्षांच्या शालेय शिक्षणाच्या बळावर ही मुलगी करते. तिचे लेखन छापले गेले ते मिशनऱ्यांच्या नियतकालिकात, ही बाबही तितकीच बोलकी आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात फुले यांनी प्राथमिक शाळांतील पुस्तके व्यवहारोपयोगी नसल्याचे सांगून त्यांच्या फेररचनेची मागणी केली. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन, हिशेब, सामान्य इतिहास-भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य व नीती यांवरील धडे असावेत, असे त्यांनी सुचविले. शाळेतील पुस्तक वाचणाऱ्याच्या जगाशी जोडलेले असावे, ही आज नव्याने मांडली जाणारी कल्पना या निवेदनात स्पष्टपणे आढळते.

धारवाडचा अर्ज आणि व्हरांडा

शाळेच्या दारासंबंधीचा सर्वांत परिचित शासकीय दस्तऐवज १८५६ मधील आहे. त्या वर्षी जून महिन्यात धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्याबद्दल एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ च्या निर्णयात सरकारने अर्जदाराच्या बाजूने तात्त्विक न्याय आहे हे मान्य केले. मात्र एका व्यक्तीसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूर्वग्रहांत तडकाफडकी हस्तक्षेप केल्यास शिक्षणाच्याच कार्याची हानी होईल, असे कारण देऊन प्रवेश दिला नाही. न्याय मान्य, पण अंमल अमान्य, अशी ही भूमिका होती. बंगालमध्ये अशा मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला नसता, असा अभिप्राय हिंदुस्थान सरकारने १८५७ च्या आरंभी दिला. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळानेही सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या असल्याचे तत्त्व पुन्हा सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये सादर केलेल्या निवेदनात या प्रकरणाची सविस्तर नोंद घेतली आहे.

तत्त्व आणि व्यवहार यांच्यातील या अंतरातून दोन वाटा निघाल्या. एक, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा. दुसरी, त्याच शाळेत परंतु वर्गाबाहेर वा कोपऱ्यात बसविणे. दोन्हींचा परिणाम पुस्तकांवर कसा झाला असेल, याचा विचार आवश्यक आहे. स्वतंत्र शाळा एकशिक्षकी आणि तुटपुंज्या खर्चावर चालणाऱ्या असत; तेथे क्रमिक पुस्तकांचीच वाण, मग अवांतर पुस्तकांचा संग्रह कोठून असणार? व्हरांड्यात बसलेल्या मुलाची अडचण निराळी होती. ज्याच्या स्पर्शाने पाण्याचा माठ विटाळतो असे मानले जाई, त्या मुलाने वर्गातील कपाटापाशी जाऊन स्वतःच्या हाताने पुस्तक काढणे ही गोष्ट त्या व्यवस्थेत बसणारीच नव्हती. शासकीय अहवालांतून बसण्याच्या जागेविषयी, पाण्याविषयी, पाटीविषयी माहिती मिळते. पुस्तकांच्या देवघेवीविषयी ते सहसा मौन बाळगतात.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील दोन प्रसंग सर्वपरिचित असले, तरी या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगे आहेत. सातारा येथील शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. भाषेचे दार बंद झाले की त्या भाषेतील ग्रंथांचे कपाटही आपोआप बंद होते. पुढे त्यांना संस्कृत स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात करावे लागले. याच काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले. मॅट्रिकच्या यशानिमित्त १९०७ मध्ये झालेल्या सत्कारात केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आधुनिक भारताच्या इतिहासात दूरगामी ठरलेले हे पुस्तक त्या मुलापर्यंत एका सहृदय शिक्षकाच्या हातून, शाळेच्या कपाटाला वळसा घालून पोहोचले. अशा व्यक्तिगत औदार्याच्या कथा आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात. ते कौतुक रास्तच आहे, परंतु ज्यांना केळुसकर भेटले नाहीत अशांच्या संख्येचा अंदाज त्यातून येत नाही.

बडोद्याची पेटी

या पार्श्वभूमीवर बडोदे संस्थानचा प्रयोग वेगळा ठरतो. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ पासून ते संस्थानभर लागू होत गेले. साक्षर झालेल्या मुलाला वाचावयास काही मिळाले नाही, तर ती साक्षरता टिकत नाही, हे त्यांनी अमेरिकेच्या प्रवासातील निरीक्षणावरून जाणले होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात होते. या अल्प काळात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावच्या ग्रंथालयांना साहाय्य देणारे स्वतंत्र खाते, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि 'लायब्ररी मिसेलनी' हे इंग्रजी, मराठी व गुजराती अशा तीन भाषांतील नियतकालिक इतक्या गोष्टी आकाराला आल्या.

गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, असे अनुदानाचे साधे सूत्र होते. ग्रंथालय मात्र विनावर्गणी असले पाहिजे. ही अट आज किरकोळ वाटेल. परंतु मुंबई इलाख्यातील 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' प्रकारच्या संस्था वर्गणीवर चालत होत्या, हे लक्षात घेता तिचे मोल कळते. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. वाचकाने स्वतः फडताळापाशी जाऊन पुस्तक हाताळावे, ही मुक्तद्वार पद्धतही तेथे आणली गेली. ज्या समाजात स्पर्शाला एवढा अर्थ होता, त्या समाजात मुक्तद्वार पद्धतीचा स्वीकार ही निव्वळ तांत्रिक सुधारणा मानता येणार नाही.

सर्वांत लक्षणीय उपक्रम फिरत्या ग्रंथालयांचा होता. निवडक पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत पाठविल्या जात. वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. पेटी गावातील जबाबदार माणसाच्या हवाली केली जाई आणि लहान गावात असा माणूस स्वाभाविकपणे शाळामास्तरच असे. या पेट्यांमुळे ग्रंथालयाची इमारत नसलेल्या गावातील मुलापर्यंतही पुस्तक जाऊ शकले. 'श्री सयाजी साहित्यमाला' आणि 'श्री सयाजी बालज्ञानमाला' यांतून मराठी व गुजराती पुस्तकेही तयार करून घेण्यात आली. पुस्तक लिहिणे, छापणे, पोहोचविणे आणि हाती देणे या चारही बाबींचा एकत्र विचार करणारी अशी योजना त्या काळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती.

तथापि या प्रयोगाचे गौरवीकरण करताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक होऊ नये. बडोद्यात अंत्यजांसाठी शाळा काढल्या गेल्या, वसतिगृहे उभी राहिली, शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. बाबासाहेबांचे उच्च शिक्षण अशाच साहाय्यातून झाले. मात्र या शाळा स्वतंत्र होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे जाण्यास तयार होत नसत, म्हणून प्रथम मुस्लिम आणि पुढे आर्यसमाजी शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. पेटीची किल्ली शाळामास्तराकडे होती आणि शाळामास्तर गावाच्या धाकात होता. राजाज्ञेने पेटी गावात पोहोचे. गावातील शेवटच्या घरापर्यंत तिने जावे की नाही, हे गावच ठरवी. १९१७ मध्ये संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहातून अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढण्यात आले आणि गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. देशातील सर्वांत प्रगत ग्रंथालयव्यवस्था ज्या शहरात होती, त्याच शहरात हे घडले.

ठरावातून राहिलेला शब्द

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर करण्यास अस्पृश्य मानलेल्या वर्गांना मुभा असावी, असा त्याचा आशय होता. महाडच्या सत्याग्रहाची कायदेशीर भूमिका याच ठरावावर उभी राहिली. या यादीत ग्रंथालय वा वाचनालय नाही. ही गोष्ट अनवधानाने घडली असण्याचाच संभव अधिक, कारण त्या काळी बहुतेक वाचनालये खाजगी मंडळांच्या ताब्यात होती आणि ती सार्वजनिक खर्चाने चालणारी स्थळे मानली जात नव्हती. पण अनवधानालाही इतिहास असतो. पाणी, उपचार, न्याय आणि शाळा यांच्या रांगेत पुस्तक अजून येऊन बसलेले नव्हते.

ज्यांच्यासाठी हा ठराव होता, त्यांच्या लेखी मात्र पुस्तक त्या रांगेत होते. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये व अभ्यासमंडळे यांद्वारे शिक्षण व संस्कृतीचा प्रसार करणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. तेथील विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवीत. मुंबईत सभेने मोफत वाचनालय आणि हॉकी क्लब चालविला. येथे वाचनालय आणि क्रीडा यांची जोडी दिसते; गिरणगावातील तरुणांचा रिकामा वेळ कोठे जावा याचा त्यामागे विचार होता. यातील विद्यार्थ्यांचे मासिक ही बाब विशेष महत्त्वाची वाटते. कपाटात आपले पुस्तक नसेल तर ते आपण लिहावे, हा विचार वसतिगृहातील मुलांनी कृतीत आणला. या दृष्टीने मुक्ता साळवे यांच्या निबंधाची परंपरा 'सरस्वती विलास' पर्यंत येते.

महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास शिक्षणप्रसाराच्या अंगाने लिहिला गेला आहे. वाचनाच्या अंगाने तो लिहिला जाणे बाकी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातवार वसतिगृहांची मालिका उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसामान्य शाळांत दाखल करून घेण्याचा हुकूम काढला. हा हुकूम म्हणजे धारवाडच्या १८५६ च्या निर्णयाला एका मराठी संस्थानिकाने त्रेसष्ट वर्षांनी दिलेले उत्तरच होय. साताऱ्यात भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंक्तीला आणले. रात्री कंदिलाभोवती एकच पुस्तक चौघांनी वाचावे, अशी परिस्थिती ज्या वसतिगृहांत होती, तेथे पुस्तकाच्या विटाळाचा प्रश्न आपसूक मागे पडला. दिवसा शाळेत जे साधले नाही ते रात्री वसतिगृहात साधले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

१९३१ मध्ये मद्रासहून डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, या दुसऱ्या सिद्धांताचे विवेचन करताना त्यांनी अभिजन आणि बहुजन, पुरुष आणि स्त्रिया, शहरवासी आणि ग्रामवासी, तसेच अंध-अपंग वाचक यांचा स्वतंत्रपणे विचार केला. आपल्याकडील ग्रंथालय प्रशिक्षणात हा सिद्धांत पाठ करून घेतला जातो. त्यामागील हा सामाजिक विचार मात्र वर्गात क्वचितच उलगडला जातो.

स्वातंत्र्यानंतर : कपाट आले, कुलूपही आले

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांबाबतचा भेदभाव निषिद्ध केला. अनुच्छेद २९(२) ने शासकीय वा अनुदानित शिक्षणसंस्थांतील प्रवेशाचे संरक्षण केले. दाराचा प्रश्न कायद्यापुरता सुटला. ग्रंथालयांच्या बाबतीत मुंबई सरकारने नेमलेल्या फैझी समितीने १९४० मध्येच राज्यव्यापी योजना सुचविली होती. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९६७ साल उजाडले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १ मे १९६८ पासून अंमलात आला. त्याने गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला, परंतु शालेय ग्रंथालय त्याच्या कक्षेबाहेर राहिले. ते शिक्षणखात्याच्या नियमावलीत गेले. तेथे ग्रंथपालाचे पद पटसंख्येशी जोडले गेले. परिणामी मोठ्या माध्यमिक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, मध्यम शाळेला अर्धवेळ आणि लहान शाळेला कोणीच नाही, अशी स्थिती निर्माण झाली. लहान शाळा कोठे असतात? पाड्यावर, तांड्यावर, डोंगराळ वस्तीत. पटसंख्येचा निकष जातिनिरपेक्ष दिसतो, पण त्याचा भार कोणावर पडतो हे नकाशा पाहिल्यावर समजते.

संग्रहाच्या बाजूने मात्र या काळात महत्त्वाचे बदल झाले. १९६९ मध्ये 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. १९७९ पासून शिक्षण विभागातर्फे डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड निघू लागले. ज्या लेखकाचे नाटक एकेकाळी सरकारी कमिटीने नाकारले, त्याचे वाङ्मय आता शासनच अल्प किमतीत देत होते. याच सुमारास दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी मराठी साहित्याचा पैस वाढविला. ही पुस्तके महाविद्यालयीन ग्रंथालयांत लवकर पोहोचली. शाळांत ती अडखळली. भाषा रांगडी आहे, प्रसंग मुलांच्या वयाला झेपणारे नाहीत, ही कारणे सर्वस्वी चुकीची नाहीत. आत्मकथने मुळात प्रौढांसाठी लिहिलेली होती. परंतु तेच जग मुलांच्या वयाला साजेशा रीतीने सांगणारे बालसाहित्य पुरेशा प्रमाणात निर्माण झाले नाही. मराठी बालसाहित्यातील 'घर' दीर्घकाळ अंगण, तुळस आणि आजीची गोष्ट यांनी बनलेले राहिले. गावकुसाबाहेरच्या, भटक्या पालातल्या वा चाळीच्या दहा फुटी खोलीतल्या मुलाने ते आनंदाने वाचले असेलही, पण स्वतःचे म्हणून नव्हे.

भाषेच्या प्रश्नाला कोसबाडच्या प्रयोगाने हात घातला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडला गेले. तेथे अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. शंख, बिया, खडे, पाने ही तेथील शैक्षणिक साधने होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व बडोद्याच्या पेटीशी नाते सांगते. वारली, गोंडी, कोरकू, भिली, कोलामी या भाषांत घरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळांतील कपाटे मात्र प्रमाण मराठीतील पुस्तकांनीच भरलेली राहिली.

१९८७-८८ मध्ये केंद्र शासनाची 'खडू-फळा' मोहीम आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य यांबरोबर प्रत्येक प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी पुस्तके मिळू लागली. अनेक जिल्हा परिषद शाळांत पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तके येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पण या पुस्तकांची नोंद घड्याळ, खुर्ची, तक्ते यांच्यासारखीच संग्रह नोंदवहीत होई आणि बदलीच्या वेळी शिक्षकाला ती मोजून ताब्यात द्यावी लागत. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्या खिशातून करावी लागेल या धास्तीने कपाटाला कुलूप लागले. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. मुलांच्या हाताळण्याने फाटलेले पुस्तक हे वाचनाचे चिन्ह न मानता नुकसान मानणारी हिशेबपद्धती हे खरे कारण होते. हे कुलूप सर्वांनाच सारखे लागू होते, तरी त्याचा परिणाम सारखा नव्हता. ज्याच्या घरी पुस्तके होती त्याचे त्यामुळे फारसे अडले नाही.

अनुसूचीतील एक ओळ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, अशी तरतूद आहे. धारवाडच्या अर्जापासून मोजल्यास शाळेच्या दाराबरोबर कपाटाचाही उल्लेख कायद्यात येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. अनुसूचीत गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा निर्देश आहे, हे विशेष. तिच्यात ग्रंथपालाचा मात्र उल्लेख नाही. पुस्तके कोणत्या भाषांत असावीत याविषयीही ती काही सांगत नाही. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वार्षिक पाच हजार ते वीस हजार रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक भाषांतील पुस्तके शाळांत उपलब्ध करण्यावर भर दिला.

दृष्टिहीन मुलांच्या बाबतीत ही वाटचाल आणखी संथ आहे. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल लिपी निश्चित झाली ती १९५१ मध्ये. एका मध्यम आकाराच्या पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात आणि ते सर्वसाधारण शाळेच्या एका कपाटात मावत नाहीत, ही अडचण होतीच. त्यात प्रताधिकाराची अडचण होती. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यातील हा अडसर दूर झाला. माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत ठरला. ध्वनिमुद्रित आणि संगणकावर वाचता येणाऱ्या पुस्तकांमुळे जागेचा प्रश्नही आता उरलेला नाही. सर्वसाधारण शाळेत दाखल झालेल्या दृष्टिहीन मुलासाठी अशी पुस्तके मागविण्याचे काम मात्र अजूनही कोणा एका व्यक्तीच्या कर्तव्यसूचीत लिहिलेले नाही. ज्या शाळेत ग्रंथपाल नाही, तेथे ते वर्गशिक्षकाकडे येते, आणि ज्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो, तेथे ते कोणाकडेच येत नाही.